येरवड्याहून उत्तर नाही

मनुष्यप्राण्याने आजवर जी काही प्रगती केली, विस्तव पेटवला, चाक फिरवलं, चंद्रावर पाय ठेवला, ती सगळी एका प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी केली: पलीकडे कोणी आहे का? बुधवारी सकाळी आठ वाजून चार मिनिटांनी, अंगात बनियन आणि समोर संगणक अशा अवस्थेत मी हे वाक्य मोठ्याने म्हणालो.

"पलीकडे मी आहे," स्वयंपाकघरातून पूर्णिमा म्हणाली. "माझे दोन्ही हात चिकात आहेत आणि दूध वर येतंय. उठता का?"

मी उठलो, पण दूध माझ्या आधी उठलं होतं. ओटा पुसला आणि पुन्हा येऊन त्या काळ्या चौकोनासमोर बसलो. चौकोनात पांढऱ्या अक्षरांत चार ओळी होत्या, चारही सारख्या. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. म्हणजे विचारलं, थांबलो, उत्तर आलं नाही.

हे काय प्रकरण आहे ते आधी सांगतो, कारण मलाही कोणीतरी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. प्रत्येक संगणकात एक काळी खिडकी असते. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती एक लुकलुकणारी रेघ. तिथे इंग्रजीत 'पिंग' लिहायचं, पुढे दूरच्या यंत्राचा आकडा लिहायचा आणि एंटर मारायचं. आपलं यंत्र त्या यंत्राला विचारतं, आहेस का? ते म्हणतं, आहे. म्हणायला किती वेळ लागला तेही लिहून येतं. असं लागोपाठ चार वेळा विचारलं जातं. हे ज्याने बनवलं तो पुण्यात कधी आला नसावा, पण एकदा विचारून कोणी उत्तर देत नाही हे त्याला ठाऊक होतं.

माझ्या खिडकीत आकडा असतो तो पोपटच्या घरचा. पोपट आणि मी टेलिफोन खात्यात एकाच आठवड्यात लागलो. तो यंत्रांकडे, मी आस्थापनेत. तो येरवड्याला राहतो, मी कोथरूडला. सुंदरावहिनी नऊ वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून तो घरात एकटा आहे. मुलगी आम्रपाली हैदराबादला डॉक्टर आहे. वहिनी गेल्या त्याच उन्हाळ्यात पोपटने गच्चीवर तापमान मोजायचं यंत्र बसवलं, आणि त्याचे आकडे मुलीला हैदराबादेत बसून दिसावेत म्हणून घराच्या इंटरनेटला कायमचा नंबर घेतला. आम्रपालीने ते आकडे कितीदा बघितले हे मी तिला विचारलेलं नाही. ती खोटं बोलणारी मुलगी नाही.

दोन वर्षांपूर्वी पोपटच्या हृदयात दोन स्टेंट बसले. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने मला समोर बसवून पिंग शिकवलं. म्हणाला, "मी फोन उचलला नाही तर गावभर बोंब मारू नकोस. आंघोळीला असेन. पिंग कर. राउटरने उत्तर दिलं की समज, मी आहे." याचं कारण असं की पोपट रात्री दहाला राउटर बंद करून झोपतो आणि सकाळी साडेसहाला, चहाचं आधण ठेवायच्या आधी, चालू करतो. यंत्रालाही झोप लागते असं त्याचं खात्यात असल्यापासूनचं मत आहे. तेव्हा सकाळी आठला त्याच्या राउटरने मला 'आहे' म्हटलं, याचा अर्थ पोपट उठला, पायावर उभा राहिला, भिंतीपर्यंत चालत गेला आणि त्याने बटण दाबलं. हृदयाच्या आलेखात याहून जास्त काय असतं?

तर मी रोज आठला पिंग करायचो. अकरा मिलिसेकंदांत उत्तर यायचं. मग माझा चहा गोड लागायचा.

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. पण गेले सव्वीस दिवस आमचं बोलणं बंद होतं.

झालं होतं असं. आमच्या निवृत्त मंडळींचा मेळावा होता. पोपटने नऊ उन्हाळ्यांच्या तापमानाचे आकडे एका कागदावर काढून आणले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. उभा राहून तो एकेक आकडा वाचत होता, आणि वर्तमानपत्रात छापून येतं त्यापेक्षा येरवड्याचं तापमान नेहमी दोन अंशांनी कमी का भरतं, हे समजावून सांगत होता. मी मागून म्हणालो, "सोपं आहे. पोपटचा थर्मामीटर येरवड्याचा. चांगल्या वर्तणुकीबद्दल दोन अंशांची सूट मिळते."

येरवड्यात तुरुंग आहे हे पुण्यात कोणाला सांगावं लागत नाही. चाळीस माणसं हसली. एकाला ठसका लागला, त्याची पाठ थोपटावी लागली. पोपटने कागदाची चौपदरी घडी घातली, खिशात ठेवली आणि आंब्याचा शिरा न खाता तो निघून गेला. पोपट आणि आंब्याचा शिरा यांचं नातं ज्याला माहीत आहे त्याला प्रसंगाचं गांभीर्य कळेल. त्या कागदावर पहिला उन्हाळा कुठला होता हे मला दारापर्यंत गेल्यावर आठवलं. तोवर रिक्षा निघून गेली होती.

"अजून नाही?" कुरडयांच्या चिकाचं पातेलं फडक्यात धरून पूर्णिमा गच्चीकडे निघाली होती. मे महिना, आमच्या इमारतीच्या गच्चीवर सकाळी सातपासून वाळवणाची गर्दी असते.

"नाही. साडेआठ झाले."

"मग फोन करा की."

"मी आधी केला तर त्याला वाटेल माफी मागतोय."

"मग मागा."

"म्हणजे त्याला वाटेल मला पश्चात्ताप झालाय."

"झालाय ना?"

"झालाय. पण ते त्याला वाटायला कशाला पाहिजे?"

पूर्णिमाने माझ्याकडे, चीक बिघडल्यावर चिकाकडे बघते तसं बघितलं आणि ती वर गेली.

नऊ वाजता पुन्हा चार ओळी. सव्वानऊला पुन्हा चार. मी पंखा तीनवरून चारवर केला, मग वारा जास्त वाटला म्हणून तीनवर आणला, मग चारवर. वर्तमानपत्रातली पाणीकपातीची बातमी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा पाणी कुठल्या वारी नाही ते लक्षात राहिलं नाही. गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. परत आलो, एंटर मारलं, रिक्वेस्ट टाइम्ड आउट. पुन्हा गॅलरीत गेलो आणि कुंड्यांना पाणी घातलं. तुळशीच्या कुंडीतून ओघळ निघाला आणि खालच्या मजल्यावरून आवाज आला, "आमच्याकडे पावसाळा सुरू झालाय का?"

येरवड्यात वीज गेली असेल. हो, वीजच. पण वीज तीन तास गेली तर मोबाइलवर कोणीतरी ओरडलं असतं. मोबाइल उघडला. तिकडे सगळं सुरळीत होतं. निवृत्तांच्या गटावर सहा जणांनी गुलाबाची फुलं पाठवली होती आणि येरवड्याच्याच एकाने सकाळचा पंखा सुरू असलेला स्वतःचा फोटो. वीज होती.

राउटर बिघडला असेल. पण पोपटचा राउटर बिघडणं म्हणजे पुजाऱ्याच्या घरात घंटा नसणं. त्याने पंधरा मिनिटांत सुरू केला असता.

मग उरलं काय, ते मी मनात पूर्ण वाक्यात म्हणत नव्हतो.

दहा वाजून नऊ मिनिटांनी मी फोन केला. सव्वीस दिवसांच्या अबोल्यातून माघार, अंगठ्याच्या एका टोकाने. रिंग वाजली. वाजत राहिली. पूर्ण वाजून थांबली.

रागावलेला माणूस फोन उचलत नाही. पडलेला माणूसही उचलत नाही. रिंग दोघांची सारखीच वाजते, ही त्या यंत्रातली मोठी उणीव आहे. चौतीस वर्षं ज्या खात्यात काढली त्या खात्याचं मुख्य यंत्र असं अर्धवट आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आम्रपालीला कळवावं का? तिचा नंबर दोनदा काढला आणि दोनदा ठेवला. पोपट पडलेला असेल तर तिला हैदराबादहून यायला दिवस लागेल. आणि पडलेला नसेल, नुसता फुगलेला असेल, तर मी त्याच्या मुलीला घाबरवलं म्हणून अबोला सव्वीस वर्षांचा होईल, आणि तेवढी आम्हा दोघांचीही शिल्लक नाही. शेजाऱ्यांचा नंबर? नऊ वर्षांत मी कधी घेतला नव्हता. घ्यायला हवा होता, अशा गोष्टींची यादी मनात सुरू झाली, ती मी बाराव्या कलमावर बळेच थांबवली आणि पायजम्याची पँट केली.

"निघालात?" गच्चीवरून उतरलेली पूर्णिमा दारातच भेटली. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, हे मला आवडलं नाही. तिने चेष्टा केली असती तर बरं वाटलं असतं.

"जाऊन येतो. तू एक कर. इथे बस. वरचा बाण दाबायचा, मग एंटर. दर पाच मिनिटांनी."

"आणि?"

"आणि काय दिसतं ते फोनवर सांगायचं."

"माझ्या कुरडया वर आहेत."

"पोपट तिकडे आहे."

"बसते," ती म्हणाली आणि खरंच बसली.

आयडियल कॉलनीला मेट्रोत चढलो. जागा होती, पण बसवेना. दांडा धरून उभा राहिलो आणि गाडीला जोर लागावा म्हणून तो थोडा पुढे ढकलत होतो. नळस्टॉपला पहिला फोन केला.

"काय म्हणतंय?"

"तेच. टाइम्ड आउट. चार वेळा."

"पुन्हा दाब."

"दाबलं. पुन्हा चार वेळा. अहो, नाही म्हणायचं तर हे एकदाच का म्हणत नाही?"

डेक्कनला पुन्हा फोन. तेच उत्तर. मी जरा मोठ्याने म्हणालो असेन, "म्हणजे सकाळपासून एकही रिप्लाय नाही!" कारण समोरच्या बाकावरच्या मुलीने कानातली बोंडं काढली. पाठीवरची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र.

"काका, सॉरी, पण पिंग फेल होतंय का?"

"सकाळी आठपासून."

"ओह. कुठलं एन्व्हायर्नमेंट? टेस्टिंग की प्रॉडक्शन?"

"येरवडा."

"डेटा सेंटर आहे तिकडे?"

"मित्र आहे. एकटा राहतो. पंच्याहत्तरीचा. फोनही उचलत नाही."

तिचा चेहरा बदलला. "शिट. सॉरी काका. पण एक मिनिट, घाबरू नका, फॉल्स अलार्म खूप येतात आम्हालाही." कोर्टाचं स्थानक आलं. तिला तिथे गाडी बदलायची होती. ती उतरता उतरता वळून म्हणाली, "काका, तुम्ही आधी ते चेक केलंत ना, म्हणजे तुमच्या..." आणि दारं मिटली. काचेतून ती हाताने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवत काहीतरी सांगत होती. मला वाटलं, हृदयविकाराबद्दल विचारते आहे. मी मान हलवली. दोन स्टेंट, मी बोटांनी दाखवलं. गाडी सुटली.

मंगळवार पेठेला मोबाइल वाजला.

"अहो, आला! रिप्लाय आला!"

"खरं?"

"समोर लिहिलंय. रिप्लाय फ्रॉम. चारही ओळींत!"

दारं उघडी होती. मी उतरलो. का उतरलो हे आता सांगता येणार नाही, पाय उतरले आणि त्यांच्या वर मी होतो. फलाटावर उभं राहून लांब श्वास घेतला. पोपट आहे. उठला, चालत गेला, बटण दाबलं. उशिरा दाबलं, बेशिस्त माणूस, पण दाबलं. आता एवढ्या उन्हात त्याच्या दारात कशाला जायचं? गेलो तर सांगावं लागेल, का आलो. त्यापेक्षा गुपचूप परत जावं, जेवावं, आडवं व्हावं. मी परतीच्या फलाटाकडे जायला निघालो आणि एखाद्या रसिकाने विचारावं तसं, सहज विचारलं, "किती मिलिसेकंद?"

"ते नाही लिहिलेलं."

"लिहिलेलं असतं. नीट बघ. रिप्लाय फ्रॉम एकशे तीन, पुढे..."

"एकशे तीन कुठे आहे? एकशे ब्याण्णव आहे."

"पोपटचा आकडा एकशे तीनने सुरू होतो."

"मग हा पोपटभावजींचा नाही. हा एकशे ब्याण्णव. पुढे लिहिलंय, डेस्टिनेशन नेट अनरीचेबल."

जिन्यावर मी जिथे होतो तिथेच थांबलो. मागच्या माणसाची पिशवी माझ्या पाठीवर आदळली. हाक पोपटला मारली होती. ओ दुसऱ्याने दिली, आणि सांगितलं काय, तर तिथवर आता पोचता येणार नाही.

मित्राच्या फोनवर अनोळखी आवाज आला की आमच्या वयाची माणसं काय समजतात? समोरचा 'आपण कोण बोलताय' म्हणायच्या आत समजतात. मी ते समजलो.

पुढची गाडी चार मिनिटांनी होती. ती चार मिनिटं मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती वेळा चाललो हे तिथल्या सुरक्षारक्षकाने मोजलं असावं, कारण शेवटी त्याने येऊन विचारलं, "आजोबा, पाणी देऊ का?" मी नको म्हणालो आणि मग त्याच्या हातातली बाटली घेऊन अर्धी संपवली. पुणे स्टेशन, रुबी हॉल, बंडगार्डन. नदीवरून गाडी गेली तेव्हा मला तो मेळाव्यातला कागद दिसत होता, चार घड्या घातलेला. बोलायचं काय हे मी ठरवत होतो आणि ऐकणारा कोण असेल हे मला माहीत नव्हतं.

येरवड्याला उतरून रिक्षा केली. अंतर चालण्याइतकंच होतं, रिक्षावाल्याने तसं सांगितलंही. "चाला काका, दोन मिनिटं." मी म्हणालो, "एका मिनिटात सोडा." त्याने सोडलं.

इमारतीपाशी गर्दी नव्हती. रुग्णवाहिका नव्हती. बाहेर चपलांचा ढीग नव्हता. दोन जिने चढताना ही सगळी चांगली चिन्हं मी मोजत होतो आणि प्रत्येकाला मनातच कोणीतरी उत्तर देत होतं, "कोणाला कळलंच नसेल तर?" दारावर पोहोचलो. बेल दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. दाराला कान लावला. मी दारावर मूठ उगारली आणि आतून कुकरची शिट्टी झाली.

आयुष्यात मी मोठमोठी गाणी ऐकली आहेत. असू दे.

दार उघडलं. पोपट उभा होता. गंजी, लेंगा, एका हातात सांडशी. हनुवटीला डावीकडे कापसाचा बोळा चिकटवलेला.

"काय रे शंभू? कोण गेलं?"

"तू."

"नाही."

"दिसतंय."

"आत ये. चपला बाहेर."

मी आत गेलो आणि न विचारता खुर्चीवर बसलो. पोपटने माठातलं पाणी आणून दिलं आणि समोर बसला. सव्वीस दिवसांनी समोरासमोर बसलेली दोन माणसं ज्याच्याकडे बघतात त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे आम्ही दोघांनी बघितलं.

"सकाळपासून तुझ्याकडून उत्तर नाही," मी म्हणालो. "आठपासून. आणि मघाशी उत्तर आलं ते भलत्याच आकड्यावरून. मला वाटलं..."

"कुठला आकडा?"

"एकशे ब्याण्णवने सुरू होणारा."

पोपटने डोळे मिटले. खात्यात असताना नव्या माणसाने उलटी तार जोडली की तो असेच मिटायचा.

"शंभू, एकशे ब्याण्णव म्हणजे तुझा राउटर. तुझ्या घरातला. कोथरूडचा. तो तुला सांगत होता की बाबा रे, मलाच बाहेर जायला वाट नाही, पोपटपर्यंत कुठला पोचतो? नेट तुझं बंद आहे. माझं साडेसहापासून चालू आहे. आधी स्वतःचं तपासायचं, मग दुसऱ्याला मेला म्हणायचं."

"मोबाइल चालत होता!"

"तो स्वतःच्या जिवावर चालतो."

मी पूर्णिमाला फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर ठेवला. पोपट धडधाकट आहे हे ऐकून ती पहिलं वाक्य म्हणाली, "विठ्ठला," आणि दुसरं म्हणाली, "मग ते एकशे ब्याण्णव कोण?"

"आपण. आपलं नेट बंद आहे."

"हो, ते तर सगळ्या विंगचं बंद आहे. आत्ता जिन्यात सगळे तेच बोलतायत."

"कधीपासून?"

"वर कुरडया वाळल्या असतील हो," ती म्हणाली. पूर्णिमाने विषय बदललेला मी बेचाळीस वर्षं ऐकत आलो आहे. ही त्यातली दुर्मीळ जात होती.

"वहिनी," पोपटने फोनकडे वाकून विचारलं, "नेटची पेटी गच्चीवर आहे ना तुमच्या?"

"आहे."

"आणि तिथे प्लगची जागा किती?"

"एकच आहे हो भावजी. काय करणार? कुरडया घातल्या की कबुतरं येतात. मी आणि शेजारच्या दीपालीने सकाळी सातला, पहिला घाणा घालताना, टेबलफॅन लावला, फडफड झाली की कबुतरं फिरकत नाहीत. तिथे एक काळी पिन होती, ती काढून ठेवली. मला काय माहीत त्या पिनेवर सगळी विंग चालते?"

"आणि पाऊण तास तू तिथे बसून मला टाइम्ड आउट वाचून दाखवत होतीस," मी म्हणालो.

"तुम्ही वाचायला सांगितलंत, मी वाचलं. कारण विचारलं असतंत तर कारण सांगितलं असतं. भावजी, पाठवते हं कुरडया." आणि तिने फोन ठेवला.

पोपट हसला नाही. मीही हसलो नाही. कुकरची आणखी एक शिट्टी झाली, तो उठून गॅस बंद करून आला.

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"तू रोज पिंग करतोस ते. माझ्या यंत्रावर सगळं लिहिलं जातं. कोण आलं, किती वाजता. रोज आठला चार टकटक. रविवारी सव्वाआठला, म्हणजे दाढी आधी करत असशील. सव्वीस दिवस."

"आणि तू काही बोलला नाहीस!"

"बोलत नव्हतो कसा? रोज चार वेळा उत्तर देत होतो. राउटरला तुझं दार बंद करता येतं मला. दोन मिनिटांचं काम आहे. केलं का?"

मी पेला उचलून तोंडाला लावला. पेला रिकामा होता.

"आज टकटक आली नाही," पोपट म्हणाला. "सव्वाआठला नाही, साडेआठला नाही. नऊला नाही."

"मग काय केलंस?"

"दाढी."

"ती तर रोज सातला करतोस."

"पुन्हा केली." त्याने कापसाला हात लावला. "हाताला काहीतरी पाहिजे ना."

"मग दहाला मी फोन केला तो का उचलला नाहीस?"

"वाजला. तुझं नाव दिसलं. म्हटलं, चला, आहे."

"बरं. तुला कळलं मी आहे. मला कसं कळणार तू आहेस ते?"

पोपटने यावर विचार केला. खरोखरच केला, कपाळाला आठ्या घालून, पुरावे तपासावेत तसा. मग म्हणाला, "हे माझ्या लक्षात आलं नाही." चौतीस वर्षं खात्यात आणि नंतरची सतरा बाहेर, एवढ्या काळात पोपटच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्या भांडवलावर मला धीर आला.

"त्या दिवशी मी जे म्हणालो," मी सुरुवात केली.

"दोन अंश."

"हो."

"सूट मिळते म्हणालास."

"हो."

"चांगल्या वर्तणुकीबद्दल."

"पोपट, तो पहिला उन्हाळा मला तेव्हा आठवला नाही. आठवला तेव्हा तू रिक्षात होतास."

तो खिडकीबाहेर बघत होता. "विनोद बरा होता," तो म्हणाला. "घरी येऊन मला हसूही आलं. एकट्याला. म्हणून जास्त राग आला."

आता मात्र मी उभा राहिलो. मेट्रोत, फलाटावर, जिन्यावर मनाशी जुळवलेलं सगळं एकदम जिभेवर आलं. मैत्री म्हणजे काय, इतकी वर्षं म्हणजे काय, उत्तर न येणं म्हणजे काय. मी खाकरलो, एक हात छातीवर ठेवला आणि म्हणालो, "पोपट, आज मला एक गोष्ट कळली. माणसाला माणूस..."

"थांब, थांब," पोपट म्हणाला, आत गेला आणि लोणच्याची बरणी घेऊन आला. ती त्याने माझ्या दुसऱ्या हातात दिली.

"बोल तू. पण बोलता बोलता एवढं झाकण फिरवून दे. आठ दिवस झाले, माझ्याच्याने निघत नाही."